फ्रान्समधली शांत नदीखोरी: सायकलवर दहा दिवस कुठे आणि कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं एक जोडपं, दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. रविवारी पानशेत नाहीतर मुळशीकडे साठ-सत्तर किलोमीटर चालवून यायचा सराव आहे. पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये दहा दिवस सायकलवर काढायचेत. ज्याला विचारावं तो लॉआर नदीकाठचा मार्ग सुचवतो. यांना मात्र नदी हवी, गावं हवीत, आणि मागून येणाऱ्या गाडीचा धसका न घेता चालवता येईल असा रस्ता हवा. दोघंही शाकाहारी. जावं कुठे, रोज किती चालवावं, खावं काय?

मी सोळा वर्षं नैर्ऋत्य फ्रान्समधल्या तुलूझ शहरात राहते आहे, आणि वर्षातले बरेच शनिवार-रविवार सायकल गाडीत चढवून उत्तरेकडच्या खोऱ्यांत जाते. म्हणून आधी उत्तर सांगते, कारणं मागून. लॉत आणि सेले या दोन नद्यांच्या खोऱ्यांत जा. फिजाक गावात उतरा, सेलेच्या काठाने खाली जा, जिथे ती लॉतला मिळते तिथे वळा आणि लॉतच्या काठाने वर येत पुन्हा फिजाकला पोहोचा. हे सगळं वर्तुळ शंभर-सव्वाशे किलोमीटरचं आहे. पुण्यात तुम्ही ते दोन रविवारांत संपवाल. इथे त्याला पाच दिवस द्या आणि उरलेले दिवस वरच्या पठारासाठी आणि काओर शहरासाठी ठेवा.

लॉआरबद्दल माझं वाईट मत नाही. सुमारे ९०० किलोमीटरचा, जवळजवळ सपाट आणि पाट्यांनी चोख दाखवलेला तो मार्ग आहे. बरोबर आठ-दहा वर्षांचं मूल असतं तर मी तुम्हाला डोळे मिटून तिथेच पाठवलं असतं. पण तो आखून दिलेला मार्ग आहे. जुलैमध्ये तिथे सायकलींचीच रांग लागते, आणि दिवस एका राजवाड्याकडून दुसऱ्या राजवाड्याकडे जाण्यात सरतो. तुम्ही जे मागताय ते आखलेल्या मार्गावर क्वचित मिळतं. ते नकाशावर आपलं आपण हुडकावं लागतं, आणि हुडकायची रीत साधी आहे.

नदीच्या खोऱ्यात बहुतेक वेळा दोन रस्ते असतात, दोन काठांवर एकेक. एका काठाला रुंद रस्ता, पेट्रोल पंप, मोठी गावं. दुसऱ्या काठाला अरुंद, वळणावळणाचा, शेतांमधून जाणारा. मिशलँचा कागदी नकाशा घ्या. त्यात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि बारीक रस्ते पांढरे दाखवलेले असतात. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ असेल तर तो देखणा रस्ता समजायचा. लाल रस्ता टाळायचा, पिवळा नाइलाजाने घ्यायचा, पांढरा शोधायचा. नदीच्या एका काठाला पिवळा आणि समोरच्या काठाला हिरवी कड असलेला पांढरा दिसला, की तुमचा रस्ता सापडला. फोनमधल्या अॅपवर सगळा भार टाकू नका. 'सायकल' निवडलं की ते अनेकदा मोठ्या रस्त्यापासून वाचवायला म्हणून ट्रॅक्टरच्या मातीच्या वाटेवर नेऊन सोडतं, आणि सामान लादलेली सायकल तिथे ढकलावी लागते.

इथल्या रस्त्यांना क्रमांक असतो, त्याआधी 'डी' अक्षर: देपार्तमाँचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा रस्ता. देपार्तमाँची हद्द ओलांडली की तोच रस्ता अनेकदा नवा क्रमांक घेतो. त्यामुळे पाटीवर वेगळा आकडा दिसला म्हणून चुकलो असं समजू नका. आधी हद्द ओलांडली का ते बघा.

आता, हे रस्ते इतके रिकामे का? पहिल्या वर्षी मला हाच प्रश्न पडायचा. सात-आठ किलोमीटर जावं आणि एकही गाडी भेटू नये, पण पायाखाली मात्र नीट डांबर! कारण असं की फ्रान्समध्ये आजही जवळजवळ पस्तीस हजार कोम्यून, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतींसारख्या सर्वांत लहान प्रशासकीय घटक आहेत. १८३६ च्या कायद्याने गावागावांना जोडणारे रस्ते बांधणं आणि राखणं ही त्यांची जबाबदारी ठरली. रस्ते भरल्या गावांसाठी झाले. लॉत देपार्तमाँची लोकसंख्या १८५१ च्या सुमारास तीन लाखांच्या जवळ होती. पुढे १८७० च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने द्राक्षवेलींची मुळं खाल्ली आणि काओरचे मळे उजाड झाले. माणसं शहरांकडे गेली. मग पहिलं महायुद्ध. आज तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहतात. रस्ता तेवढाच राहिला, त्यावरून जाणारे कमी झाले.

कुठल्याही खेड्यात थांबलात तर चर्चजवळ किंवा ग्रामकचेरीसमोर दगडी स्मारक दिसेल. १९१४ ते १९१८ मध्ये गेलेल्या गावकऱ्यांची नावं त्यावर कोरलेली असतात. एकच आडनाव तीन-तीन वेळा येतं. मान वळवून गाव पाहिलं तर खिडक्यांच्या निम्म्या झडपा बंद असतात. मी प्रत्येक गावात ती नावं वाचते. दोन मिनिटं लागतात, आणि ज्या शांततेसाठी आपण एवढ्या लांबून येतो तिच्याकडे बघायची नजर बदलते.

आता प्रत्यक्ष वाट. फिजाक हे शाँपोलियोंचं गाव. इजिप्तची चित्रलिपी उलगडणारा हा माणूस १७९० मध्ये इथे जन्मला. त्याच्या घराजवळच्या चौकात रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती काळ्या दगडात जमिनीवरच अंथरली आहे, लोक तिच्यावरून चालतात. गाव बघायला एक दुपार द्या. फिजाक सोडून थोडं पुढे गेलात की डी ४१ लागतो, आणि तिथून सेले नदी साधारण पन्नास किलोमीटर तुमची साथ सोडत नाही. सेलेवर दुसऱ्या काठाचा रस्ता शोधायची गरजच नाही. तिचं खोरं इतकं अरुंद आहे की मोठा रस्ता तिथे मावलाच नाही, डी ४१ हाच काय तो रस्ता.

या पन्नास किलोमीटरांना दोन दिवस द्या, तीन दिलेत तरी चालेल. नदी लहान आहे, हिरवट, संथ, पॉप्लरच्या रांगांमधून वाहणारी. दोन्ही अंगांना चुनखडीचे कडे उभे आहेत, कुठे राखाडी, कुठे गेरूसारखे लालसर. रस्ता कधी कड्याला चिकटतो, कधी मक्याच्या शेतांच्या कडेने जातो. चढ-उतार आहेत, पण लहान. आपल्याकडच्या सायकलवाल्याला ते चढ वाटणारच नाहीत. गावांच्या नावांकडे लक्ष ठेवा: फिजाक, एस्पान्याक, मार्सियाक, सोलियाक. हे शेवटचं 'आक' रोमन काळापासूनचं आहे, अमक्याची जमीन-जुमला अशा अर्थाचं. आपल्याकडे 'वाडी' लागते तसं. बऱ्याच पाट्यांवर फ्रेंच नावाखाली ऑक्सितान भाषेतलं नावही दिसेल. इथल्या आजी-आजोबांची घरची बोली तीच होती.

एस्पान्याकला पूल ओलांडून पलीकडे जा. मुख्य रस्त्यावरून नुसता घंटाघराचा शेंडा दिसतो आणि लोक पुढे निघून जातात. जुना मठ, लाकडी चौकटींत विटा भरलेलं घंटाघर, आत एक छोटं अंगण. मठाच्या इमारतीतच वाटसरूंसाठी मुक्कामाची सोय आहे. स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राकडे चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची एक वाट या खोऱ्यातून जाते, त्यामुळे इथे 'जीत देताप' नावाचे साधे मुक्काम सापडतात. पलंग, गरम पाणी, आणि आधी सांगितलं असेल तर रात्रीचं जेवण. चालणाऱ्यांसाठी उभ्या राहिलेल्या या सोयीवर सायकलवाल्यांचंही निभतं. आपल्या वारीच्या वाटेवरच्या गावांना जशी वाटसरूची सवय असते, तशी ती या गावांनाही आहे. ओली चप्पल आणि थकलेला चेहरा बघून कोणी नाक मुरडत नाही.

मार्सियाकला बेनेडिक्टाइन मठ अर्धा उभा, अर्धा पडलेला आहे. इंग्लंडशी झालेल्या शंभर वर्षांच्या युद्धात आणि नंतर कॅथलिक-प्रोटेस्टंटांमधल्या युद्धांत त्याची पडझड झाली. जुन्या भागाला छप्परच नाही, कमानींमधून आकाश दिसतं. चिनार वाटावेत अशा प्लेन वृक्षांची रांग नदीकाठी आहे, तिथे डबा उघडा. पुढे सोलियाकमध्ये कड्याच्या पोटाला चिकटून बांधलेली घरं दिसतात. काब्रेरेला येईपर्यंत कडा रस्त्याच्या डोक्यावर झुकलेला असतो. तिथे दिवसाही मागचा लाल दिवा चालू ठेवा, कारण उन्हातून सावलीत शिरणाऱ्या चालकाला क्षणभर काही दिसत नाही.

काब्रेरेच्या वर पेश मेर्ल ही गुहा आहे. १९२२ मध्ये गावातल्या किशोरवयीन मुलांनी आतली दालनं शोधली. आत ठिपक्यांचे दोन घोडे आहेत, पंचवीस हजार वर्षांहून जुने, आणि त्यांच्याभोवती हाताचे ठसे. ही चित्रं नकला नाहीत, मूळ आहेत. म्हणूनच रोज मोजक्याच लोकांना आत सोडतात, आणि वेळ आधी राखून ठेवावी लागते. गावातून गुहेपर्यंतचा चढ छोटा पण खडा आहे.

सेले जिथे लॉतला मिळते तिथे, काँदुशेला, डी ४१ संपतो आणि डी ६६२ लागतो. नकाशाची गोष्ट इथे कामी येते. डी ६६२ हा लॉतच्या उजव्या काठाचा पिवळा रस्ता, त्यावर गाड्या असतात. त्यावर कमीत कमी वेळ काढा. बूझिएसचा अरुंद पूल ओलांडून डाव्या काठाला या. इथे कडा थेट पाण्यात उतरतो. एकोणिसाव्या शतकात मालाच्या होड्या दोरखंडांनी ओढून न्यायला वाट हवी म्हणून कड्याच्या अंगातच ती कोरून काढली आहे. सायकल बाजूला लावून तेवढा भाग चालत जा. खडक डोक्याला टेकेल इतका खाली येतो, आणि एका हाताला पाणी. लॉतवरच्या अशा होड्या काओरची वाइन बोर्दोकडे न्यायच्या.

बूझिएसहून डी ४० ने सँ-सिर्क-लापोपीला चढायचं. नदीपासून शंभर-दीडशे मीटरांचा चढ आहे, सामान असेल तर हलक्या गिअरवर सावकाश. गाव अतिशय सुंदर आहे, आणि सुंदर असल्याची किंमत मोजतं: जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. सकाळी साडेआठच्या आत पोहोचा. तेव्हा दुकानदार दगडी पायऱ्यांवर पाणी मारत असतात आणि गल्लीत तुमच्या सायकलच्या फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज घुमतो. दहा वाजता निघा.

तिथून काजार्कपर्यंत डाव्या काठाचा डी ८. माझ्या मते हा सगळ्या वर्तुळातला सर्वांत मोलाचा रस्ता. वीस-बावीस किलोमीटर, सेनव्हिएरचा किल्ला, उंचावर बसलेलं काल्विन्याक, आणि मध्ये अक्रोडांच्या बागा. समोरच्या काठावरून मोटारी पळताना दिसतात, त्यांचा आवाजही येतो, पण त्या पलीकडे. इकडे तुम्ही, एखादा ट्रॅक्टर, आणि टपालाची पिवळी गाडी. काजार्कहून फिजाकला परतताना मात्र डी ६६२ घ्यावा लागतो. तो सकाळी लवकर उरका.

वरच्या पठाराला इथे 'कोस' म्हणतात. आपल्या अंतराच्या कोसाशी त्याचा संबंध नाही, पण कानाला ओळखीचा वाटतो. कोकणातला सडा डोळ्यांपुढे आणा. जांभ्याऐवजी चुनखडी, आणि पाणी तसंच मुरून गायब. खुरटे ओक, ज्युनिपर, दगड रचून केलेल्या बांधांच्या भिंती, आणि डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या मेंढ्या. खोऱ्यातून वर यायला दोनशे मीटरांच्या आसपास चढावं लागतं. काजार्कहून लिमोन्य-आँ-केर्सीकडे एक दिवस काढा. रविवारी गेलात तर तिथे आठवडी बाजार असतो. वर जाताना पाण्याच्या दोन बाटल्या पुरत नाहीत, तिसरी घ्या. कोसवर झरा सापडेल या भरवशावर राहू नका.

पाण्यावरून सांगते. फ्रान्समध्ये सायकलवाल्याचं पाणी दफनभूमीत असतं. प्रत्येक गावाला दफनभूमी असते, आणि फुलझाडांना घालायला तिथे नळ असतो. फाटक हळू उघडा, मागे लावून घ्या, आणि नळावर 'नाँ पोताब्ल' लिहिलेलं नाही ना ते बघा. तसं लिहिलं असेल तर पिऊ नका. इथले सायकलवाले पिढ्यान् पिढ्या असंच पाणी भरत आलेत, कोणी हरकत घेत नाही. नळाशी थांबून हेल्मेट काढायची मला सवय लागली आहे.

रोज किती चालवायचं? जास्तीत जास्त चाळीस किलोमीटर. पुण्याच्या सरावाला हे कमी वाटेल. तुमच्या ओळखीत ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करणारे कोणी असतीलच. महाराष्ट्रात आता दोनशे, तीनशे, सहाशे किलोमीटरचे ब्रेव्हे करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यातले काही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे बाराशे किलोमीटर नव्वद तासांत करायला फ्रान्सला येतात. तो पिंडच वेगळा. इथे अंतराचं बंधन पायांमुळे नाही, गावाच्या घड्याळामुळे आहे.

ते घड्याळ असं. बेकरी, म्हणजे बूलांजरी, सकाळी सातच्या सुमारास उघडते. बारा-साडेबाराला गावातलं जवळजवळ सगळं बंद, ते दुपारी दोन-अडीच-तीनपर्यंत. हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड. पावणेदोनला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं, आणि कितीही गोड बोललात तरी उघडत नाही. रात्रीचं जेवण सात-साडेसातच्या आधी नाही. रविवारी दुपारनंतर सारं सामसूम, आणि सोमवार हा तर दुकानदारांचा सुटीचा वार. त्यात मे महिना सुट्ट्यांनी भरलेला: १ मे, ८ मे, आणि बहुधा असेन्शन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार.

पहिल्या वर्षी मी सोमवारी या खोऱ्यात उतरले. पिशवीत चार बिस्किटं होती, पुढच्या गावात पाव घेऊ असं धरलं होतं. पहिल्या गावात दुकानच नव्हतं. दुसऱ्यात होतं, झडप लावलेलं. तिसऱ्यात पोहोचले तेव्हा बारा वीस झाले होते आणि दुकानदार कुलूप लावून निघून गेला होता. दुपारी दोनच्या उन्हात, एका लहानशा चढावर, पायांतला जीव गेला. भूक अशी वाटतच नाही, नुसती थंडी वाजते आणि रस्त्याची कड दोन दिसायला लागते. फ्रेंच सायकलवाल्यांकडे याला शब्द आहे, फ्रँगाल. मी उतरून एका भिंतीच्या सावलीत अर्धा तास पडून राहिले, मग पुढचे नऊ किलोमीटर बरंचसं चालत. सायकल-पर्यटनाचा आद्य पुरस्कर्ता पॉल द व्हिव्ही, ज्याला सगळे व्हेलोसिओ म्हणतात, शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला की भूक लागायच्या आधी खा आणि तहान लागायच्या आधी प्या. मी ते वाचलं होतं, पण पुण्यात दर दोन किलोमीटरवर वडापाव मिळतो म्हणून तिकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. तेव्हापासून पॅनियरमध्ये, म्हणजे सायकलच्या कॅरिअरला लटकवायच्या पिशवीत, एक दिवसाचं अन्न कायम असतं: पाव, चीजचा तुकडा, अक्रोड, खजूर, आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चिक्की. ती चिक्की नक्की आणा. वजनाला हलकी, उन्हात वितळत नाही, आणि इथे तशी मिळत नाही.

शाकाहाराबद्दल स्पष्ट सांगते. हा बदकाचा मुलूख आहे. मेन्यूवर बदक सगळीकडे आहे, आणि जिथे दिसत नाही तिथेही असतं. 'सलाद' मागवलं तरी वर बदकाच्या कोठ्याचे तुकडे येतात, कीश नावाच्या अंडी-सायीच्या भाजलेल्या पदार्थात डुकराचे बारीक तुकडे, ज्यांना लारदाँ म्हणतात, आणि सूपचा रस्सा बहुधा हाडांचा. 'व्हेजिटेरियन' एवढं सांगून काम भागत नाही, कारण काहींच्या लेखी मासे चालतात. तीन शब्द पाठ करा: 'साँ व्हियांद, साँ प्वासाँ, साँ लारदाँ'. मांस नको, मासे नकोत, लारदाँ नको. मग खायला पुष्कळ आहे. रोकामादूर नावाचं बकरीच्या दुधाचं चीज, हातात मावेल एवढी गोल चकती, पावावर गरम करून अक्रोड-सलादबरोबर देतात. आम्लेट सगळीकडे मिळतं, अंडी चालत असतील तर. उन्हाळ्यात केर्सीचे, म्हणजे याच प्रदेशातले, खरबूज, सप्टेंबरात आलुबुखार आणि अंजिरं. मुक्कामाच्या ठिकाणी जेवण सांगताना दोन दिवस आधी कळवा. मी कळवलेल्या घरांमध्ये यजमानांनी मनापासून काहीतरी केलं आहे: मसूर, भाज्यांचं ग्रातँ, टोमॅटोचं तार्त. ऐन वेळी सांगितलं तेव्हा पास्ता आणि किसलेलं चीज मिळालं, आणि त्यात त्यांची चूक नव्हती.

आणखी एक. दुकानात, बेकरीत, कुठेही शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, मग काय हवं ते सांगा. हा उपचार म्हणून सांगत नाही. बोंझूर न म्हणता मागणी केली तर समोरच्याला ते खरंच लागतं. म्हटलंत तर मोडकं फ्रेंच चालतं, हातवारे चालतात, बाटलीत बर्फसुद्धा घालून देतात.

वाहनांची भीती. नियम तुमच्या बाजूने आहेत, आणि खेड्यांत ते पाळले जातात. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर सोडायचं, गावात एक मीटर. २०१५ पासून, समोर मोकळं असेल तर त्यासाठी चालकाला अखंड पांढरी रेघही ओलांडता येते. २०१८ मध्ये दुपदरी रस्त्यांवरची कमाल गती ताशी ९० वरून ८० वर आणली होती, काही देपार्तमाँनी नंतर पुन्हा ९० केली. पण डी ८ वर आणि डी ४१ वर वळणंच अशी आहेत की तेवढ्या वेगाने कोणाला जाता येत नाही. मागून आलेली गाडी वळण संपेपर्यंत हॉर्न न वाजवता मागे थांबते. आपल्याला सवय नसते. आपण घाबरून रस्ता सोडून खडीत उतरतो, आणि पडतो ते तेव्हा. तसं करू नका. सरळ रेषेत चालवा, रस्ता मोकळा दिसला की हाताने पुढे जायची खूण करा. ते हात वर करून आभार मानतात.

तुमच्याकडून मुख्यतः लागतं ते एवढं: पुढे-मागे दिवे, घंटा, आणि गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट. कानात इयरफोन घालून चालवायला बंदी आहे. हेल्मेटची सक्ती बारा वर्षांखालच्या मुलांनाच आहे, तुम्ही तरीही घाला. एक नियम मात्र डोक्यात पक्का बसवा. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असतं. जुन्या गावांत एखाद्या गोठ्याशेजारच्या बोळातून मोटार तुमच्याकडे न बघता रस्त्यावर येते, आणि तिचं बरोबर असतं. आपण डावीकडून चालवणारी माणसं, त्यामुळे नजर आपोआप चुकीच्या बाजूला जाते. पहिले दोन दिवस प्रत्येक गावात वेग कमी करा.

मला खरी भीती वाटते ती 'ग्राव्हियाँ' अशा पाटीची. इथे रस्त्याची डागडुजी करताना डांबर फवारून वर बारीक खडी टाकतात आणि ती दाबायचं काम जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांवर सोडतात. काही आठवडे वळणांवर सुटी खडी असते. उतारावर ही पाटी दिसली तर वळणात शिरण्याआधीच ब्रेक, वळणात अजिबात नाही. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत शिकारीचा मोसम असतो, विशेषतः रविवारी कोसवर. रस्त्याकडेला शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर भडक रंगाचं जाकीट घाला आणि झाडीत शिरू नका.

सायकल इथे भाड्याने घ्या, असं माझं मत आहे, पण स्वतःचं सीट आणि पेडल बरोबर आणा. टायर ३२ मिलिमीटर किंवा रुंद. गिअर असा हवा की मागचं सर्वांत मोठं दातेरी चाक पुढच्या लहान दातेरी चाकाएवढं तरी असेल, ३४ दात्यांना ३४ दाते म्हणा. गुडघे त्यावरच टिकतात. स्वतःची सायकल आणणार असाल तर पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकातून काओरला थेट गाडी आहे, पाच तासांच्या आसपास लागतात. सायकलची जागा तिकिटाबरोबरच राखून ठेवा, त्या जागा फार थोड्या असतात. तुलूझला विमानाने उतरलात तर तिथून फिजाकला प्रादेशिक गाडीने दोन-अडीच तास.

महिना मे, जून किंवा सप्टेंबर. माझी पसंती सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला. सकाळी खोऱ्यात धुकं इतकं दाट असतं की नदी ऐकू येते, दिसत नाही. दिवा लावून निघायचं. साडेनऊ-दहाला कड्यांची टोकं उन्हात उजळतात आणि मग धुकं खालपर्यंत विरत जातं. कोसवर चढून गेलात तर वर लख्ख ऊन आणि खाली पांढऱ्या ढगांची नदी. ऑगस्टमध्ये यातलं काही नसतं. कडे दिवसभर तापतात आणि रात्री तीच धग परत देतात.

मग सुरुवातीचे दिवस असे लावा. शुक्रवारी संध्याकाळी फिजाकला पोहोचा. शनिवारी सकाळी तिथे बाजार असतो, चार दिवसांचं अन्न तिथेच भरा. रविवारी सकाळी बेकरी उघडी असते, पाव घेऊन निघा आणि एस्पान्याकला मुक्काम करा. सोमवारी मार्सियाकपर्यंतच जा, पंधरा-वीस किलोमीटर, आणि रात्रीचं जेवण आधी सांगून ठेवा, कारण त्या दिवशी बाहेर काही मिळेल असं धरून चालायचं नाही. मंगळवारी काब्रेरे. गुहेची वेळ दुपारी तीननंतरची घ्या, म्हणजे घाई होणार नाही. आत बारा-तेरा अंश तापमान असतं आणि तुम्ही खडा चढ चढून घामाने भिजलेले असाल. सायकल कुलूपबंद करण्याआधी पॅनियरमधून कोरडा टीशर्ट आणि जाकीट काढून घ्या.